पेटीवरची सभासद

धुळ्याच्या एका सहकारी बँकेच्या वार्षिक सभेत अहवाल कोणी ऐकत नसे. शेवटी प्रत्येकाला स्टीलचा डबा मिळे, म्हणून सगळ्यांचे डोळे डब्यांच्या पेटीवर असत. अध्यक्ष वाचत होते, “ठेवी वाढल्या, नफा वाढला, साक्रीची शाखा बंद करून आणखी प्रगती साधू.” “मंजूर!” सभा गरजली. साक्रीत भाजी विकणारी भिकुबाई एकटी उठली आणि थेट पेटीवर जाऊन बसली. “आबा, भाजीना पैसा भराले मी रोज धुळे येऊ का?” “अक्का, विषय मंजूर झाला, उठा.” “शाखा ऱ्हायनी ते उठसू.” सभासदांनी अध्यक्षांकडे पाहिलं, मग पेटीकडे. कोणीतरी पुटपुटलं, “नामंजूर.” बघता बघता अख्खी सभा ओरडली, “नामंजूर!” अध्यक्षांनी शाखा साक्रीतच ठेवली आणि चिडून बजावलं, “पुढच्या वर्षी डबे नाहीत, चादरी!” भिकुबाई उठत म्हणाली, “बरं व्हई, बसाले मऊ.”