साडेपाच इंच

परदेशातल्या कॉलेजचा फॉर्म शिलाई मशीनवर पडला होता. आईची सही तेवढी राहिली होती, आणि नेमका त्यावरच हात ठेवून आत्या बसली होती.

"विमानाने गेलं तरी नऊ हजार किलोमीटर. अकरा तास. उद्या तुला काही झालं, तर ही बया कधी पोचणार गं?"

लेक फणकारून काही बोलणार, तेवढ्यात आईने गळ्यातली टेप काढली आणि कपाटावरच्या पृथ्वीगोलावर इथून तिथपर्यंत ताणून धरली.

"साडेपाच इंच," असं म्हणून तिने आत्याच्या हाताखालचा फॉर्म ओढला आणि झोकात सही ठोकली.

"वन्सं, तुमचं घर दोन गल्ल्या सोडून. तुमचे भाऊ अंथरुणाला खिळले होते, तेव्हा तुम्हाला पोचायला अकरा महिने लागले."