टपाखालची जागा

"टपाला हात कोणी लावला, नेव्ह?"

जॅनिनने विचारलं आणि नेव्ह कडमोर घाईघाईने चहाची किटली भरायला वळला. किटली भरलेलीच होती.

शेडच्या मधोमध पिवळी टोराना गाडी उभी होती. उभी म्हणजे तीन चाकांवर आणि एका ओंडक्यावर. नेव्हची मुलगी टेगन ती घेऊन ऑरेंज शहरातल्या कामावरून परत येत होती. वाटेत कांगारू आडवा आला. गाडी रस्ता सोडून कुणाच्या तरी मेंढ्यांच्या रानात शिरली आणि उलटली. टेगनच्या कानामागे टाके पडले, तेवढ्यावर निभावलं. आता गाडी दुरुस्त करायची की कायमची भंगारात काढायची, हे जॅनिन ठरवणार होती. ती विम्याची सर्व्हेअर. तिने एकदा कायमचं भंगार म्हणून लिहिलं की त्या गाडीला पुन्हा नंबर मिळत नसे.

गाडीचं नाक चेपलेलं होतं. रेडिएटर इंजिनात घुसला होता. डावा पत्रा कुंपणाच्या तारेने उभा फाडला होता. सगळं अपघातात झालं तसंच होतं. फक्त चालकाच्या डोक्यावरचा टप सरळ होता. आतून जॅक लावून वर उचललेला, मग हातोडीने ठोकून गोल केलेला. रंगाला ताजे तडे गेले होते.

सर्व्हेअरने बघेपर्यंत गाडीला बोटही लावायचं नाही, हे मोलाँग गावातलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. नेव्ह तर जन्मभर पत्राकामच करत आला होता. एका गिऱ्हाइकाने वाकलेला आरसा नुसता सरळ केला, तेव्हा त्याने त्या माणसाला साऱ्या गल्लीसमोर झापलं होतं. आता कुंपणच शेत खायला लागलं होतं.

जॅनिन मुळातच चौकस. गाव म्हणे, ही बाई अंत्ययात्रेतही शवपेटीचं झाकण उघडून बघेल. ती टॉर्च घेऊन आत शिरली. टपाचे खांब बोटांनी चाचपत गेली. खांबांवर अपघाताचे वाक होते, त्यांच्यावर नवे ठोके होते.

"किती खाली आला होता?"

"थोडासा."

"तुझ्या बायकोच्या पुडिंगमध्ये रम असते तेवढा थोडासा?"

नेव्ह हसला नाही. तेव्हा तिची खात्रीच पटली, इथे पाणी मुरतंय. टप आणि खांब फार दबले तर गाडी कायमची भंगारात जाते. वर उचलले तर दुरुस्तीत बसवता येते. नेव्हने कितीतरी रविवार या गाडीत ओतले होते. गावाला वाटे, पोरीपेक्षा त्याचा जीव गाडीतच जास्त आहे. जॅनिनला वाईट वाटलं. तिला हा माणूस आवडायचा.

"हे बघ नेव्ह," ती बाहेर येऊन म्हणाली, "गाडीवर जीव असावा माणसाचा. पण मला वेड्यात काढू नकोस. हे मी वर कळवलं, तर उद्यापासून या शेडवर कुणी भरवसा ठेवणार नाही."

"भंगारात काढ."

"काय?"

"काढ ना भंगारात. आजच काढ. चिरडून टाका तिला. मला ती दाराशी नकोय."

"मग टप कशाला उचललास, नेव्ह?"

नेव्हने किटली खाली ठेवली. "टेगन येतेय. म्हणते, गाडी न्यायच्या आधी एकदा बघायचीय. त्या दिवसापासून स्टीअरिंगला शिवली नाही पोरगी. इथे गाडी नाही चालवली तर करणार काय, कोंबड्या पाळणार? नोकरी सुटायला आलीय तिची." त्याने टपाकडे बोट केलं. "टप सीटच्या पाठीला टेकला होता, जॅनिन. मी पाहिलं आणि बाहेर जाऊन भडाभडा ओकलो. तिने ते पाहिलं तर ती जन्मात गाडीत बसणार नाही."

"अरे, पण ती आतच होती की!"

"तिला काही आठवत नाही. कांगारू दिसला, मग एकदम हॉस्पिटल. तीच सांगते सगळ्यांना."

जॅनिनने टॉर्च विझवून खिशात ठेवला. "टप सीटला टेकलेला होता, असं लिहिते," ती म्हणाली. "कायमचं भंगार. पण पोरगी जाईपर्यंत मी काही लिहीत नाही. कर तुझा तो चहा."

चहा व्हायच्या आत टेगन आली. आईने तिला फाटकाशी सोडलं होतं. ती गाडीभोवती हळूहळू फिरली. नेव्ह तिच्या मागे मागे बडबडत होता, जुनी गाडी खपवायला निघालेल्या दलालासारखा.

"नाक गेलंय, ते तर काय, पत्राच आहे. हे फाटलंय तारेने. आतमध्ये बघ, आत काहीच नाही झालेलं. बघ की वाटलं तर."

टेगनने दार उघडलं. क्षणभर थांबली, मग चालकाच्या सीटवर बसली. डोक्यावर वीतभर मोकळी जागा होती.

आणि कुणी काही न सांगता तिची मान डावीकडे वळली. डावीकडे आणि खाली, कान खांद्याला टेकेपर्यंत. पाठ सीटमध्ये दबली. टेगन डोळे मिटून तशीच वाकडी बसून राहिली. तेवढीच जागा तिला तेव्हा मिळाली होती.

जॅनिनने ते पाहिलं. नेव्हने नाही पाहिलं. तो आपल्या बुटांकडे बघत उभा होता, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

टेगनने डोळे उघडले. तिची नजर टपावरच्या ठोक्यांवरून फिरली, मग बापावर येऊन थांबली. ती सरळ झाली. हात वर करून तिने टपावर दोन थापा मारल्या.

"हे बघ बाबा, केवढी जागा होती! तू उगाच घाबरलास," ती म्हणाली. "आण, तुझ्या पिकअपची चावी दे. घरी मी नेते. तू झोप जरा."