अनुजाला लेन्स पसंत पडेना

“हीबी नाई चालत, भय्याजी.” अनुजाने कॅमेऱ्याची लेन्स काढून काउंटरवर ठेवली. “याच्याहून लांबचं पकडनारी दाखवा.”

भय्याजींनी सुस्कारा सोडला. भिलाईतल्या कॅम्प-१च्या बाजारात पहिल्या मजल्यावर त्यांचं कॅमेऱ्याचं दुकान होतं. लग्नाचे फोटोग्राफर येत, बोट दाखवत, घेऊन जात. ही बाई मात्र साडीच्या दुकानात बसल्यासारखी दुपारपासून एकेक बाहेर काढायला लावत होती. प्रत्येक लेन्स आपल्या कॅमेऱ्याला लावायची, बाहेरच्या गॅलरीत जायची, फोटो काढायची आणि मान हलवत परत यायची. लेन्स चालवून पाहिल्याशिवाय कोणी घेत नाही हे खरं, पण चालवून पाहण्यालाही काही सुमार असतो.

दाराजवळच्या स्टुलावर तिचा दीर पीयूष धुमसत बसला होता. चरोद्याहून तिला मोटरसायकलवर त्यानेच आणलं होतं. निघताना ती फक्त “बाजारात काम हाय” एवढंच म्हणाली होती. ते काम हे असेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

“वहिनी, पुरे करा ना आता,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “उद्या लेबर ऑफिसात तारीख हाय. दादाचा हात मशीनमंधी गेला, तो घरी पडून हाय. मालकानं साफ लिहून देलं का सुगत नावाचा मानूस आपल्याकडं कधी कामालेच नव्हता, त्याचं तोंडबी पाह्यलं नाई. सोबतचे सारे मुके झाले. अन् तुमी पाखरायच्या फोटोसाठी लेन्स पाहून राहिल्या?”

“हो. पाहून राहिली.”

“तेबी इथं, त्याच्याच वर्कशॉपसमोर! काल त्याच्या चौकीदारानं तुमाले फाटकातून हाकललं. कोनी पाह्यलं तं काय म्हनतीन? दुसरीकडं दुकानं नव्हते काय?”

“बाजार काय त्याच्या बापाचा हाय?” अनुजाचा आवाज चढला नाही, पण भय्याजींनीही वर पाहिलं. “मी कावून तोंड लपवू? मी कोनाचा हात नाई खाल्ला.”

पीयूषने तोंड फिरवलं. त्याला वहिनीचा राग आला होता आणि दादाची फार दया आली होती.

अनुजाचा हा नाद नात्यागोत्यात थट्टेचा विषय होता. रविवारी पहाटे गळ्यात कॅमेरा अडकवून ती मरोद्याच्या तलावावर जायची, आणि घरी सासवा-नणंदा तोंडाला पदर लावून हसायच्या. सुगत मात्र कधी हसला नाही. तो तिची बॅग धरून चिखलात उभा राहायचा आणि डास मारत बसायचा. माणूस भोळा, पण बायकोच्या बाबतीत पक्का.

भय्याजी आतून दुधीभोपळ्याएवढी लेन्स घेऊन आले. “आता याच्या वरची अख्ख्या भिलाईत भेटनार नाई, ताई. तिकडं टाकीवर कबुतरं बसले, त्याईचा फोटो मारून पाहा. पाखराचा डोळा साफ आला का लेन्स पास.”

“कबुतर उडून जाते. मले न हलनारं काई पायजे.”

“मंग मारा कोन्याबी भिंतीवर!”

अनुजाने गॅलरीच्या कठड्यावर बॅग ठेवली, बॅगेवर लेन्स टेकवली आणि डोळा लावला. मग डोळा बाजूला घेतला.

“जरा थांबा लागते. समोरच्या काचेवर ऊन हाय.”

“अवो ताई, फोटोले ऊनच तं लागते!”

“तलावावर झाडाखाली कुठं असते ऊन? मले सावलीतलं पाहाचं हाय.”

भय्याजींनी कपाळावर हात मारला आणि चहा मागवला. पीयूषने आपला कप तोंडालाही लावला नाही. अनुजा गॅलरीतच उभी राहिली, लेन्स हलू न देता, पाहुण्याची वाट पाहावी तशी.

ऊन उतरलं. समोरच्या काचेआड कोणीतरी ट्यूबलाइट लावली. अनुजाने कप खाली ठेवला, श्वास रोखला आणि भराभर फोटो काढले. मग स्क्रीनवरचं चित्र मोठं करत करत ती बराच वेळ पाहत राहिली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल पडला.

“आली पसंत?” भय्याजींनी हात चोळले.

“एकदम.”

“मंग भरू डब्यात?”

“नाई. आज नाई घेत.”

“अख्खी दुपार खाल्ली तुमी माही!”

“खाल्ली. चिडा तुमी, तुमचा हक हाय,” ती म्हणाली. तिने लेन्स पुसून त्यांच्या हातात दिली आणि जिना उतरू लागली.

खाली येताच पीयूषचा बांध फुटला. “घ्याचीच नव्हती तं कायले हा तमाशा? नुसता हट्ट! उद्या सायबासमोर काय दाखवनार हाय आपून? तलावावरच्या बदका?”

अनुजाने कॅमेरा त्याच्या हातात ठेवला.

“पाह्य.”

स्क्रीनवर समोरच्या वर्कशॉपच्या ऑफिसातली भिंत होती. भिंतीवर विश्वकर्मा पूजेचा चौकटीतला फोटो टांगलेला होता. वर कारखान्याच्या नावाचा फलक, खाली मालक आणि त्याचे सारे कामगार. मालकाच्या शेजारी सुगत उभा होता, आणि मालकाचा हात त्याच्या खांद्यावर होता.