मनाला पटेल तो पत्ता

प्रशिक्षणाला जाऊन आल्यापासून साहेबांच्या अंगात 'ॲजाइल' नावाची सॉफ्टवेअर बनवायची नवी पद्धत संचारली होती. येताना आकडे छापलेल्या पत्त्यांचा गठ्ठा आणला आणि म्हणाले, "यापुढे कामाला किती दिवस लागतील ते मी नाही, तुम्ही ठरवायचं. ज्याने त्याने मनाला पटेल तो पत्ता टाका."

काम होतं अँब्युलन्स बोलावण्याच्या ॲपचं. मागच्या वेळी ते घाईत सोडलं, तेव्हा गाडी भलत्याच गल्लीत जाऊन उभी राहिली होती. आम्ही सगळ्यांनी आठचा पत्ता टाकला.

साहेबांचं तोंड कडू झालं. "अरे, मी क्लायंटला तीन दिवसांचा शब्द देऊन बसलोय. पुन्हा टाका बरं."

पुन्हा आठच पडले. आमची टेस्टर फटकन म्हणाली, "साहेब, शंभरदा टाकायला लावलंत तरी आठच पडणार. नीट तपासल्याशिवाय मी हे सोडू देणार नाही."

"चूक माझीच आहे," साहेब गोड हसले. "उद्या सुधारतो."





दुसऱ्या दिवशी साहेबांनी नवा गठ्ठा वाटला, त्यात तीनच्या वरचा पत्ताच नव्हता.