माईकवाला

जनतेच्या पैशातून स्टेडियम बांधायचं की नाही, यावरची जाहीर सभा खुर्च्यांनी एकमेकांची डोकी फोडून संपली. जखमींनी दवाखान्यातही सलाइनचे स्टँड उचलून एकमेकांचे दात पाडले, तेव्हा नर्सबाई पदर खोचून दोन वॉर्डांच्या मधोमध उभी राहिली. "स्टेडियमवाले डावीकडे, विरोधवाले उजवीकडे! चला!"

पुढच्या स्ट्रेचरवर तिचा नवराच होता. कपाळ फुटलेलं, शर्ट रक्ताने चिंब. ती धावत त्याच्याजवळ गेली.

"अहो, तुम्ही कुठल्या बाजूने गेला होतात हाणामारीत?"

"अगं, मला कसली आलीय बाजू? वेळ संपली की माईक बंद करायचा, एवढंच माझं काम. आधी यांच्या पुढाऱ्याचा केला, मग त्यांच्या पुढाऱ्याचा."

"मग मारलं कोणी?"

"आधी यांनी. मग त्यांनी."

तिने तळव्याने त्याची जखम दाबून धरली आणि रडवेल्या आवाजात विचारलं, "माझ्या माणसाला कोणी एक खाट देता का हो?"

 

दोन्ही वॉर्डांतून एकदमच आवाज आला, "माईकवाला ना? आणा, आणा, इकडेच आणा! आमचं अजून उरकलेलं नाही."