भिंगावरचं झाकण

१९७४ सालची गोष्ट. दुखण्याने आईचा चेहरा ओळखू येईनासा झाला होता. ताईने धाकट्या भावामागे टुमणं लावलं, "घरचा फोटोग्राफर तू, आणि आईचा शेवटचा फोटो नको?"

धाकट्याने नवा कॅमेरा ठेवून जुनाच आणला. दोन्हींत बघायचं ते भिंगातून नव्हे, वरच्या छोट्या खिडकीतून. भिंगावर झाकण राहिलं तरी डोळ्याला सगळं लख्ख दिसायचं. नव्यात निदान प्रकाश मोजणारा काटा होता, तो चूक दाखवायचा. जुन्यात तेही नाही.

त्याच्या पाठीमागून ताई म्हणाली, "आई, हस ना जरा." आईने भिंगाकडे नीट पाहिलं आणि बऱ्याच दिवसांनी हसली. त्याने अख्खा रोल संपवला.

रोल कोरा निघाला, तोवर आई गेली होती. "झाकण काढायचं विसरलास? डोळे फुटले होते का तुझे?" एवढं विचारून ताईने बोलणं टाकलं, ते मरेपर्यंत. धाकट्याने स्टुडिओ विकला आणि वेंधळा म्हणवून घेत म्हातारा झाला.



फोटोच्या आदल्या दिवशी आई त्याला म्हणाली होती, "बाळा, माझं हे तोंड मागे ठेवू नकोस. आणि ताईला नाही म्हणून दुखवूही नकोस."