पोचा

होड्यांच्या फायबरातून रॉकने शर्यतीच्या जुन्या गाडीची हुबेहूब नक्कल घडवली आणि आज मालवणच्या मैदानावर ती अस्सल गाडीच्या शेजारी उभी केली. अस्सलचे मालक मुंबईहून आले होते. वडिलांनी शर्यती गाजवलेली ती लाल गाडी त्यांनी खर्च करून नवीकोरी करून घेतली होती. रॉकच्या गाडीभोवती ते कौतुकाने फिरले आणि बॉनेटपाशी थांबून हसले.

"सगळं जमलंय हो. हा पोचा तेवढा काढून टाका, वाईट दिसतो."

सकाळपासून दातओठ खात उभ्या असलेल्या रॉकचं टाळकं सटकलं.

"फायबराक पोचो येणा नाय, शेट. तो साच्यातच घालूक लागता."

"म्हणजे मुद्दाम घातलात? कशाला?"

"तुमचे पपा कप जिंकले त्या शर्यतीत माझो बापूस बावटो घेऊन शेवटच्या रेषेर उभो होतो. त्याचा डोक्या हयसरच आपाटला, नि तो थंयच गेलो." रॉकने पोच्यावर तळवा ठेवला. "तुमी अस्सलातसून तो ठोकून काढलात, म्हणान मी नकलेत घातलंय."